यादीतली झाडं, यादीबाहेरची माणसं

राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. अकोले तालुक्याच्या डांगाणातून, शेजारच्या इगतपुरी भागातून शेतकरी आपले वळू, बैल, कालवडी घेऊन उतरतात. डांगी जनावर लांबूनही ओळखू येतं. पांढऱ्या अंगावर काळे, किंवा काळ्यावर पांढरे ठिपके, मध्यम बांधा, काळे टणक खूर. हात फिरवला की कातडी तेलकट लागते. या तेलकटपणामुळे पाऊस अंगावर ठरत नाही, निथळून जातो. घाटघर-रतनवाडीच्या पावसात, गुडघाभर चिखलाच्या भातखाचरांत दुसरं जनावर बसकण मारतं तिथे डांगी बैल औताला उभा राहतो. हे गुण एका दिवसात आलेले नाहीत. या डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर आणि इतर शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वळू निवडून ते सांभाळले आहेत.

जनावरांचा बाजार आपल्याकडे फार जुना आहे. प्रदर्शन त्या मानानं नवं. बाजारात जनावराची किंमत ठरते, प्रदर्शनात प्रत ठरते. निवडायचं, शेजारी-शेजारी मांडायचं, तोलायचं, क्रमांक लावायचा आणि त्याची नोंद ठेवायची, ही सगळी रीत एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे रुजली. ज्या संस्थांनी ती रुजवली त्यांतली एक मुंबईची ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’. १८३० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या खटपटीतून मुंबईला भायखळ्याची राणीची बाग मिळाली. गावाकडून मुंबईला गेलेलं मूल कधी ना कधी त्या बागेत नेलं जातंच. त्या बागेचा मागोवा घेताना एक नाव पुन:पुन्हा समोर येतं : जॉर्ज बर्डवूड. डॉक्टर, वनस्पतींचा जाणकार, बागेचा आणि संग्रहालयाचा खटपट्या, भारतीय हस्तकलांचा लेखक. आणि मुलूखभर पसरलेल्या एका वसाहती घराण्याचा मुलगा.

हे घराणं आपल्या भूमीशी तीन पिढ्या बांधलेलं होतं. बाप क्रिस्टोफर बर्डवूड कंपनीच्या मुंबई फौजेत होता आणि पुढे जनरल झाला. आईकडचे आजोबा जोसेफ टेलर बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. ८ डिसेंबर १८३२ रोजी बेळगावातच जॉर्जचा जन्म झाला. धाकटा भाऊ हर्बर्ट याचाही जन्म बेळगावचाच. तो मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला, मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि कोर्टाच्या कामातून वेळ काढून त्यानं माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी तयार केली. हर्बर्टचा मुलगा विल्यम १८६५ साली खडकीला जन्मला. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेचा सेनापती होता तो हाच. पुढे तो फील्डमार्शल झाला आणि १९२५ ते १९३० हिंदुस्थानचा सरसेनापती राहिला. तलवार, न्यायासन, मिशन आणि झाडांची यादी अशा चारही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या. इंग्रजी अंमल नुसत्या बंदुकीवर चालला नाही, तो नोंदवह्यांवरही चालला, हे या घराण्याकडे पाहिलं की समजतं.

जॉर्ज एडिंबरोला वैद्यक शिकला आणि १८५४ साली पदवी घेऊन मुंबईच्या वैद्यकीय सेवेत आला. इराणच्या मोहिमेवर जाऊन आल्यानंतर त्याचा मुक्काम मुंबईतच पडला. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शिकवू लागला. त्या काळी औषधी म्हणजे मुख्यतः झाडपाला, साली, डिंक, मुळ्या. डॉक्टरला वनस्पती यायलाच हव्यात. त्यामुळे वैद्यक शिकलेल्या माणसाच्या हाती बाग सोपवणं हे तेव्हा नवलाचं नव्हतं. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचं काम अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडेच होतं. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्या बागेची शाखा होती आणि तिथे कंपनीच्या दवाखान्यांसाठी औषधी पिकवल्या जात. हाच गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर झाला. दापोडीच्या बागेतल्या फुलझाडांची त्यानं एका चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली. त्यांतली सुमारे १७० चित्रं आज एडिंबरोच्या शाही उद्यानात जपलेली आहेत. गिब्सनचं नाव वनस्पतींच्या नावांत उरलं, आपल्या सह्याद्रीतल्या एका कोरांटीला त्याचं नाव आहे. चित्र काढणारा मात्र कागदपत्रांत नुसता ‘पोर्तुगीज चित्रकार’ म्हणून उरला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. हा धागा पुढेही दिसत राहील.

बर्डवूडच्या आधी मुंबईत सरकारी संग्रहालय होतं, पण १८५७ च्या धामधुमीत त्याची जागा लष्कराला हवी झाली आणि गोळा केलेल्या वस्तूंची धूळदाण उडाली. बर्डवूडकडे ते पुन्हा उभं करण्याची जबाबदारी आली. १८५८ च्या अखेरीस, राणीचा जाहीरनामा वाचला गेल्यानंतर, शहरातल्या मंडळींनी ठरवलं की संग्रहालय आणि बाग दोन्ही लोकवर्गणीतून उभारायची. समितीचे अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना. चिटणीस दोन : जॉर्ज बर्डवूड आणि डॉ. भाऊ दाजी लाड. पैसा नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या धनिकांकडून आला. म्हणजे बागेला नाव राणीचं मिळालं तरी तिच्या पायात पैसा गेला तो मराठी, पारशी, ज्यू, गुजराती मुंबईकरांचा.

सोसायटीची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा गोऱ्या लोकांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि बदल्यात १८६१ साली भायखळ्याची माउंट इस्टेट मिळाली. सुमारे ३३ एकर जमीन. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते बाग खुली झाली. त्याच वर्षी संग्रहालयाचीही पायाभरणी झाली. बागेत आजही लेडी फ्रिअर यांच्या नावाचा ग्रीक-रोमन धाटणीचा मंडप उभा आहे. १८६५ साली डेव्हिड ससून यांच्या पैशातून प्रवेशाजवळ घड्याळाचा मनोरा उठला. इतक्यात कापसाच्या तेजीचा फुगा फुटला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, शेअर बाजार कोसळला, वर्गणी आटली आणि संग्रहालयाची इमारत अर्धवट राहिली. शेवटी सरकारी मदतीनं ती पुरी होऊन १८७२ च्या मे महिन्यात उघडली. तोवर प्रकृतीच्या कारणानं बर्डवूड १८६८ मध्येच इंग्लंडला परतला होता. पुढे सोसायटीही मोडली आणि १८७३ साली बाग म्युनिसिपालटीच्या ताब्यात आली.

बाग हे प्रकरण आपल्याला नवं नव्हतं. नगरच्या निजामशाहीनं १५८३ च्या सुमारास फराहबाग पुरी केली. तळ्याच्या मधोमध महाल आणि खापरी नळांनी लांबून आणलेलं पाणी. पेशव्यांनी पुण्याच्या पर्वतीखाली हिराबाग, सारसबाग वसवल्या. आपल्या घरांना परसबाग होती, देवाला देवराई होती. पण शाही बागेत रयतेला मुभा नसे, परसबाग घरापुरती असे आणि देवराईत कोयता लावायचा नाही असा दंडक असे. कुणीही यावं, हिंडावं, झाडाखाली पाटी वाचावी, अशी सार्वजनिक बाग ही मात्र नवी चीज होती. बर्डवूड आराखडे काढणारा वास्तुकार नव्हता. त्यानं बागेला दिलं ते झाडांचं वेड आणि संग्रहाची शिस्त. झाडाला सावली होती, फूल होतं, फळ होतं. त्याच्या जोडीला त्याला नाव, कूळ आणि उपयोग लावून देणारी ही शिस्त होती.

१८६२ साली, म्हणजे बाग उघडली त्याच वर्षी, बर्डवूडनं मुंबई इलाख्यातल्या व्यापारी उपयोगाच्या वस्तूंची सूची छापली. त्यातला पहिला भाग वनस्पतींपासून मिळणाऱ्या कच्च्या मालाचा. बाग, संग्रहालय आणि ही सूची ही तिन्ही एकाच कामाची अंगं होती. मुलखात काय पिकतं, कशाला चव, कशाला वास, कशाला रंग, कशाला भाव, हे एका ठिकाणी मांडायचं, म्हणजे व्यापाऱ्याला आणि सरकारला माल हेरता येतो. राजूरकराला हे सांगायला नको. इथल्या डोंगरात उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा झोडपतात, अंगणात पसरून वाळवतात, तो काळा सुरकुतला की पोत्यात भरून बाजाराला आणतात. हिरड्यात टॅनिन भरपूर, म्हणून कातडी कमावायला तो लागतो. एकोणिसाव्या शतकात हा माल मुंबई बंदरातून विलायतेला मोठ्या प्रमाणात जाई. औषधातही तो मुख्य : त्रिफळ्यातलं एक फळ हिरडाच. डोंगरातून पोत्यात उतरलेला हिरडा मुंबईच्या वखारीत पोचेपर्यंत तो कुणी झोडपला, कुणी वाळवला, हे पुसलं गेलेलं असे. वखारीत उरत तो माल, वजन आणि भाव.

बर्डवूडचं सर्वांत टिकाऊ शास्त्रीय काम धूपाच्या झाडावरचं आहे, आणि त्याचा एक पाय राणीच्या बागेत आहे. मंदिरात, चर्चमध्ये, मशिदीत, राजदरबारात हजारो वर्षं जो सुगंधी डिंक जाळला गेला तो नेमका कोणत्या झाडाचा, हे तोवर युरोपातल्या वनस्पतिशास्त्राला नीट ठाऊक नव्हतं. तो अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरून निघे, मुंबई बंदरात येई आणि इथून पुढे जगभर जाई. माल मुंबईत, झाड मात्र समुद्रापलीकडे. बर्डवूडनं एडनच्या वाटेनं त्या मुलखातली रोपं मिळवली आणि राणीच्या बागेत वाढवली. त्यावरचा त्याचा निबंध १८७० च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापला. हे झाड आपल्या कोरड्या डोंगरांतल्या सालईच्याच कुळातलं. सालईचा डिंकही आपल्याकडे धुपाला आणि औषधाला वापरतात.

या निबंधात बर्डवूडनं जातींना जी नावं दिली ती पाहण्यासारखी आहेत. एका जातीला अरबी किनाऱ्याची पाहणी केलेल्या कार्टर या सर्जनचं नाव दिलं. एकीला गव्हर्नर फ्रिअर यांचं. आणि एका जातीला त्यानं नाव दिलं ‘बॉसवेलिया भाऊदाजियाना’. गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांजऱ्यात जन्मलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकलेला, शिलालेख वाचणारा, नाणी जमवणारा, कुष्ठरोगावर देशी औषध शोधणारा हा मराठी डॉक्टर गोऱ्या गव्हर्नरच्या शेजारी लॅटिन नावात जाऊन बसला. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. बर्डवूडच्या मनात भाऊंविषयी बरोबरीचा आदर होता, असं मी यावरून समजतो. आज वनस्पतिशास्त्रज्ञ ती जात वेगळी मानत नाहीत, ती दुसऱ्या जातीत मिसळली गेली आहे. तरी नाव दिलं गेलं होतं हे खरं.

पण त्याच निबंधात जे नाही तेही पाहायला हवं. सोमाली डोंगरात झाडाच्या सालीला चीर देणारे, ठरावीक दिवसांनी चिकाचे थेंब खरवडून काढणारे, कोणत्या कड्यावरचं झाड चांगलं आणि कोणतं हलकं हे जाणणारे लोक होते. त्यांच्या जाणतेपणावर सगळा व्यापार उभा होता. त्यांतल्या कुणाच्याही नावावर झाड नाही. गव्हर्नरचं नाव आहे, सर्जनचं आहे, शहरातल्या विद्वान मित्राचं आहे. झाड ओळखणाऱ्याचं नाही. राणीच्या बागेतल्या इतर झाडांचंही असंच. तिथल्या सुंदर झाडांची मानकरी उर्वशी. लाल-पिवळ्या फुलांच्या लोंबत्या माळांनी ती मोहरते तेव्हा माणसं वाट वाकडी करून पाहायला येतात. हे झाड ब्रह्मदेशातलं. शास्त्रीय नावात तेही एका गव्हर्नर-जनरलच्या घराण्याचं, अॅमहर्स्टचं. बागेच्या पाट्या वाचत गेलं की साम्राज्याची अशी वंशावळ उलगडत जाते.

झाडांप्रमाणे दगडांनाही या बागेनं जागा दिली. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती होता. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते त्याच्यावरून. १८१४ साली त्याचं डोकं आणि मान गळून पडली. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे विलायतेला न जाता राणीच्या बागेत आले, आणि त्यात बर्डवूडचा पुढाकार होता. पन्नास वर्षं ते बागेत ढिगानं पडून होते. १९१४ साली जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे आणि बागेत आलेलं जवळजवळ प्रत्येक मूल त्याच्याजवळ जाऊन उभं राहतं.

इंग्लंडला गेल्यावर बर्डवूड इंडिया ऑफिसात लागला आणि १९०२ पर्यंत तिथे होता. पॅरिसच्या १८६७ च्या जागतिक प्रदर्शनात मुंबई इलाख्याचं काम त्यानं पाहिलं होतंच. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या भारतीय विभागासाठी त्यानं जी पुस्तिका लिहिली तिच्यातून १८८० साली त्याचं ‘द इंडस्ट्रिअल आर्ट्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक तयार झालं. खेड्यातला कुंभार, कोष्टी, तांबट, सोनार यांच्या कामावर इतक्या मायेनं त्या काळी फार थोड्या गोऱ्यांनी लिहिलं. यंत्राच्या मालानं ही कसबं मरत आहेत, सरकारी तुरुंगांतले गालिचे जुन्या गालिच्यांची प्रत बिघडवत आहेत, असं तो बजावून सांगत राहिला. विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्र चित्रकारांनी सह्या करून या कामाबद्दल त्याचे आभार मानले. पुढे इंग्लंडमध्ये हस्तकलेच्या बाजूनं जी चळवळ उभी राहिली, तिला भारतीय कारागिराचं उदाहरण बर्डवूडच्या लिखाणातून मिळालं. १८८१ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला.

याच माणसानं म्हातारपणी जे केलं त्यानं त्याच्या नजरेची सीमा दाखवून दिली. १३ जानेवारी १९१० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये, कलकत्त्याच्या कलाशाळेचे माजी प्राचार्य ई. बी. हॅवेल यांचं भाषण झालं. अध्यक्षस्थानी बर्डवूड. भारतात चित्र-शिल्पाची उच्च कला कधी झालीच नाही, असं बर्डवूडनं अध्यक्षपदावरून सांगितलं. जावा बेटावरच्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचं छायाचित्र समोर होतं. त्या निश्चल मूर्तीत त्याला उकडलेल्या पिठाच्या गोळ्यापलीकडे काही दिसलं नाही. सभागृहात आणि बाहेर खळबळ उडाली. फेब्रुवारी अखेरीस विल्यम रोथेनस्टाइन आणि इतर बारा जणांनी ‘द टाइम्स’मध्ये निषेधाचं पत्र छापलं. त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. पुढे १९१२ साली रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ इंग्रजीत पहिल्यांदा प्रसिद्ध करणारी संस्था हीच.

घारापुरीचा हत्ती वाचवणाऱ्या माणसाला बुद्धात गोळा कसा दिसला? अज्ञान हे त्याचं उत्तर नाही. लेण्यांच्या मुलखात त्याचा जन्म आणि जवानी गेली होती. उत्तर त्याच्या यादीत आहे. त्याच्या लेखी भारतीय माणूस हा कसबी हात होता. मडकं सुंदर, साडी सुंदर, गालिचा सुंदर. कारण ते जातीच्या वारशानं, पिढीजात सवयीनं आपसूक घडतं. त्या घडवण्यामागे एकटा विचार करणारा, निवड करणारा, ‘हे असंच हवं’ म्हणून अडून बसणारा कलावंत आहे, हे मान्य केलं असतं तर भारतीय शिल्पी आणि युरोपचा शिल्पी एका पंगतीत बसले असते. ती पंगत त्याला नको होती. म्हणून हस्तकलेवर प्रेम आणि कलेचा नकार या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी गुण्यागोविंदानं नांदल्या. २८ जून १९१७ रोजी लंडनजवळच्या ईलिंगला तो वारला.

मुंबईकरांनी बागेचं पुढे काय केलं, हे बर्डवूडच्या यादीत बसणारं नव्हतं. १८९० साली १५ एकर वाढवून तिथे प्राणिसंग्रहालय आलं, आणि वाघ-हत्ती पाहायला गिरणगावातली कुटुंबं डबे घेऊन येऊ लागली. शास्त्रज्ञांसाठी मांडलेली बाग कामगारांच्या सुट्टीची बाग झाली. स्वातंत्र्यानंतर तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव मिळालं. संग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं; वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जे नाव मिटलं ते शंभर वर्षांनी इमारतीवर लागलं. ही इमारत मोडकळीला आली होती. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन ती सावरली आणि २००८ साली ती पुन्हा खुली झाली. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य नूतनीकरणाची योजना आली तेव्हा मुंबईतल्या वृक्षप्रेमी नागरिकांनी एकेका झाडाची मोजदाद करून दाखवलं की ही आधी वनस्पतींची बाग आहे आणि तिच्यात तीन हजारांवर झाडं आहेत. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी यांची ती यादी या वेळी झाडं वाचवण्यासाठी झाली होती. यादी तीच, हेतू उलटा. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा पालट वाटतो.

म्हणून यादीला दोष देऊन भागणार नाही. नोंद हे हत्यार आहे, कुणाच्या हाती आहे त्यावर सगळं ठरतं. आपल्या भागात त्याची दुसरी बाजूही दिसते. राजूरपासून वर गेलं की भंडारदरा. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते खुलं झालेलं, त्यांच्याच नावाचं धरण. पाठीमागच्या जलाशयाला आर्थर हिल या इंजिनिअरचं नाव. दगडी बांधकामाचं ८२ मीटर उंचीचं हे धरण त्या वेळी देशातलं सर्वांत उंच होतं. सांडव्याखालच्या बागेत आणि छत्रीसारख्या फुटणाऱ्या धबधब्यापाशी आज पर्यटकांची गर्दी असते. या पाण्यावर खाली प्रवरेच्या काठी ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. गव्हर्नरचं आणि इंजिनिअरचं नाव धरणाला आहे. सोळा वर्षं दगड घडवणाऱ्या, चुना मळणाऱ्या माणसांची नावं कुठल्या कोनशिलेवर आहेत?

याच तालुक्यात याच्या उलटं घडलेलंही आपण पाहिलं आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा, भाज्या यांचं देशी बियाणं जमवलं, जपलं, वाटलं. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० सालच्या पद्मश्रीनं देशभर नाव मिळालं. इथे बियाण्याबरोबर ते जपणाऱ्या हाताचं नावही लोकांना ठाऊक झालं, आणि त्या नावामुळेच इतर गावांतल्या बायांनी आपापल्या मडक्यांतलं, कणग्यांतलं बी बाहेर काढलं. नाव लागणं हा नुसता मान नव्हे. नाव लागलं की ज्ञान कुणाचं आहे हे सांगता येतं, त्याचा वाटा मागता येतो, आणि पुढच्या पिढीला ते शिकावंसं वाटतं.

यासाठी नवं काही मागायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. गावातली झाडं, पिकं, जनावरं, पाणवठे, औषधी आणि त्यांचे जाणकार यांची नोंद त्या वहीत करायची असते. जाणकार व्यक्तींसाठी तिच्यात जागा आहे. बर्डवूडच्या सूचीत नव्हती ती हीच जागा. पण ही वही बहुतेक ठिकाणी बाहेरून आलेलं कुणीतरी भरून देतं, आणि मग तिच्यात पुन्हा झाडांची नुसती नावं उरतात.

राजूरला, डांगाणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि इथल्या शाळा-महाविद्यालयांना माझं सांगणं आहे : ही वही आपण स्वतः भरू या. हिरडा कोणत्या पंधरवड्यात झोडपावा हे सांगणाऱ्या आजीचं, डांगी वळूची जात राखणाऱ्या शेतकऱ्याचं, देवराईतल्या वेलाचं औषध जाणणाऱ्या भगताचं नाव, त्यांच्या संमतीनं, त्या झाडाच्या आणि त्या जनावराच्या ओळीतच लिहू या. पुढच्या प्रदर्शनात पहिला आलेल्या डांगी वळूच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली त्याची पैदास ज्यांनी सांभाळली त्या घराच्या आधीच्या पिढ्यांचीही नावं लागू देत. वही ग्रामपंचायतीत आहे. पेन आपल्याकडे आहे. आणि सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम उरकलं पाहिजे.